केबिनची किल्ली

लांजा, रविवार

प्रिय बाय,

पत्र बघून आधी घाबरू नकोस. इथे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा नेहमीसारखा कुरकुरतोय आणि आई त्याच्याहून जास्त कुरकुरतेय, म्हणजे तब्येत उत्तम. हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. पुण्याच्या गाडीवर धोंडू ड्रायव्हर आहे, त्याच्याकडे काजूची पिशवी देतोय आणि तिच्यात आमसुलांच्या पुडीखाली हे पत्र सरकवतोय. फोनवर का नाही सांगितलं, असं विचारशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देतेस कधी? मी 'अगं' म्हणतो आणि तू 'बाबा, मीटिंग आहे' म्हणतेस. मेल लिहिली असती तर दोन मिनिटांत तुझं उत्तर आलं असतं, आणि ते उत्तर काय असणार ते मला ठाऊक आहे. पत्राचं बरं असतं, समोरच्याला मध्येच बोलता येत नाही. तेव्हा आता निवांत बस आणि शेवटपर्यंत वाच. मधली पानं गाळून शेवट बघायची तुझी लहानपणची खोड इथे चालवू नकोस.

इकडची खबर अशी. अंगणात अर्ध्या बाजूला काजूबी वाळतेय आणि अर्ध्या बाजूला कोकमं. मधून एक पायवाट ठेवली आहे, तिच्यावरून मी तोल सावरत नळावर जातो. चुकून पाय पडला तर आई दोन्ही बाजूंनी बोलते. मैना आणि तिच्या सोबतच्या तिघी काजू फोडायला सकाळी आठला हजर असतात. मागच्या पडवीत कटर चालू झाले की मला माझ्याच घरात बसायला जागा उरत नाही. तुला आठवतं ना, आईने एकच हातकटर आणला होता आणि शेजारच्यांनी विचारलं होतं की हरिश्चंद्रांचा, म्हणजे माझा, पगार पुरत नाही काय म्हणून. आता तेच शेजारी पाव्हण्यांना पडवी दाखवायला आणतात. आणि निम्म्याहून जास्त माल तू बनवून दिलेल्या त्या वेबसाईटवरून जातो. हायवेवरच्या दुकानदारांच्या दाराशी आईला पिशवी घेऊन उभं राहावं लागायचं ते कायमचं सुटलं. साईट चालली तर पडवी चालते, पडवी चालली तर मैनाच्या पोरीचं नर्सिंग चालतं. एवढं सगळं त्या एका गोष्टीवर उभं आहे, हे मी विसरलेलो नाही.

म्हणूनच शिमग्याला तू आलीस, पालखी आपल्या अंगणात नाचून गेली आणि दुसऱ्या दिवशी तू मला समोर बसवून साईट शिकवायला घेतलीस, तेव्हा मी मनापासून बसलो होतो. तुला वाटलं असेल म्हातारा टाळतोय. टाळत नव्हतो गं. पण तू डोमेन, सर्व्हर, डेटाबेस असं भराभर बोलत गेलीस आणि माझं डोकं पावसाळ्यातल्या रेडिओसारखं खरखरायला लागलं. चौथ्या दिवशी तू लॅपटॉप मिटलास आणि म्हणालीस, "राहू द्या बाबा, मीच बघेन." रागावून नाही म्हणालीस, उलट मायेनेच. तेच जास्त लागलं. सगळी नोकरी लांज्याच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. गणपतीच्या गर्दीत जादा गाड्या लावल्या, दरड कोसळली तेव्हा माणसं वळवून पाठवली, आणि चार चौकोनी चित्रांपुढे मला पोरीने रिटायर केलं! तू गेल्यावर मी आईला म्हटलं, हे मी शिकणार. आई म्हणाली, शिका, पण माझ्या काजूला हात लावू नका.

पहिला आठवडा नुसता दारं चुकण्यात गेला. शिकवताना तू मला तीन पासवर्ड लिहून दिले होतेस. एक होस्टिंगवाल्यांच्या खात्याचा, जिथे जागेचं भाडं भरायचं. दुसरा कंट्रोल पॅनेलचा. तिसरा साईटच्या आतला, जिथून काजूचे फोटो आणि भाव बदलायचे. मी एका दाराची किल्ली दुसऱ्या दाराला लावायचो आणि ती बया 'चुकीचा पासवर्ड' म्हणून मला परत पाठवायची. चार-पाचदा चुकलो की दारच बंद करायची, आता थोड्या वेळाने या म्हणे. आणि आई पडवीतून विचारायची, झालं काय शिकून?

मग एके सकाळी मी स्टँडवर पेपर वाचत बसलो होतो. घरी पेपर येतो, तरी मी तिथे जाऊन वाचतो, ते सोड. समोर रत्नागिरीची गाडी लागली, माणसं पाटी वाचून चढली, आणि एकदम माझी ट्यूब पेटली. साईट म्हणजे आपला फलाट. लोकांना तेवढाच दिसतो. आणि कंट्रोल पॅनेल म्हणजे माझी केबिन. प्रवाशाचं तिथे काही काम नाही, पण कुठली गाडी कुठे लावायची, कुठली पाटी चढवायची, पार्सलं कुठे ठेवायची, भोंग्यावर काय बोलायचं, सगळं तिथूनच ठरतं. डोमेन म्हणजे स्टँडचं नाव. नाव एकाकडून घ्यायचं, जागा दुसऱ्याकडून भाड्याने घेतली तरी चालते. फक्त त्या नावाने विचारत येणाऱ्याला जागेपर्यंत आणून सोडणारी एक नोंद असते, तिला उगाच हात लावायचा नाही. तू हेच सांगत होतीस ना? मग स्टँडच्या भाषेत सांगायचं होतंस, पहिल्या दिवशी पास झालो असतो.

त्यानंतर मी केबिनमध्ये रमलो. रोज सकाळी नाश्ता झाला की पॅनेल उघडायचो आणि एकच चित्र निवडायचो. आज फक्त हे. ई-मेलच्या चित्रावर टिचकी मारली आणि आईच्या नावाचा डबा स्वतः उघडला. नाव विचारतं, पासवर्ड विचारतं, डब्याला जागा किती द्यायची ते विचारतं, बस्स एवढंच. तोवर काजूच्या ऑर्डरी तुझ्या डब्यात यायच्या आणि तू ऑफिसातून त्या आईला फोनवर वाचून दाखवायचीस. त्या मी आईच्या डब्याकडे वळवल्या. तुला वाटलं, उन्हाळ्यात ऑर्डरी मंदावल्या. मंदावल्या नव्हत्या, बाय. मग एकदा चिपळूणच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला, साईट उघडताना 'ही जागा सुरक्षित नाही' असं येतंय म्हणून. पूर्वी मी तुलाच फोन लावला असता. या वेळी आपणच शोधलं. पत्त्याच्या शेजारी ते छोटं कुलूप असतं, त्याच्या प्रमाणपत्राची मुदत संपली होती. पॅनेलमध्ये त्याचंही चित्र आहे. दाबलं, थोडं थांबलो, कुलूप परत आलं. मी त्या गिऱ्हाइकाला फोन करून असा काही थाटात सांगितलं की बिचाऱ्याने मला साहेब म्हटलं. आईने ते ऐकलं आणि दिवसभर मला साहेब म्हणून भांडी घासायला लावली.

आता जे सांगतो ते ऐकून उठून उभी राहू नकोस. सगळं निस्तरलेलं आहे.

एप्रिलमध्ये आपली जुनी बी संपली आणि नवी अजून अंगणात उन्हात पडलेली होती. अख्खा काजू देता येईना. आमच्या खात्यात एक शिस्त होती, गाडी रद्द झाली की पाटी त्या क्षणी उतरवायची. पाटी तशीच राहिली तर माणूस पोराबाळांना घेऊन तिच्याखाली ताटकळतो आणि मग केबिनच्या खिडकीशी येऊन आपला उद्धार करतो. मला वाटलं, माल नाही तर साईट उघडी कशाला? लोकांना हेलपाटा नको. साईटच्या आत जाऊन एका मालापुढे 'शिल्लक नाही' लिहिता येतं, हे मला माहीत होतं. पण नवीन केबिनवाला मी, आतल्या दाराने कशाला जाईन? गेलो थेट फाइल मॅनेजरमध्ये. साईटचं सगळं सामान ज्या फोल्डरमध्ये असतं तो उघडला, झाडून सगळं निवडलं आणि 'काढा' म्हटलं. त्याने सभ्यपणे विचारलं, कचरापेटीत टाकू की कायमचं काढू? मी म्हटलं, अर्धवट काम आपल्याला जमत नाही, कायमचं काढ. आमच्याकडे उतरवलेली पाटी केबिनच्या भिंतीला टेकवून ठेवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा चढवायला. मी त्याच भरवशावर होतो. इथे टेकवायला भिंतच नव्हती.

दुपारी राजिवड्याच्या सुरय्याभाभींचा फोन. तुझ्या लक्षात असतील, दुबईतल्या मुलाला दर दोन महिन्यांनी काजू पाठवतात त्या. म्हणाल्या, भाईसाहेब, तुमचं दुकान गेलं कुठं? मी ऐटीत सांगितलं, माल संपला म्हणून बंद ठेवलंय. त्या म्हणाल्या, अख्खा संपला असेल, पण मला तर पाकळी पाहिजे, पाकळीपण नाही? मी पडवीत बघितलं. दुभागलेल्या काजूच्या पाकळीचे डबे भिंतीला लागून रचलेले होते. एक गाडी रद्द होती आणि मी अख्खा स्टँड उतरवून ठेवला होता. घाईघाईने पाटी परत चढवायला पॅनेल उघडलं, तर फोल्डर रिकामा. कचरापेटीही रिकामी. साईट उघडली तर पांढरं पान आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ. मैना आणि त्या तिघी आत पाकळी निवडत होत्या, गप्पा मारत होत्या, आणि त्यांचं बाहेरचं दार मी माझ्या हाताने पुसून टाकलं होतं.

फोन हातात घेतला. तुझं नाव समोर आणलं. बाय, तुझं नाव बघत मी पायरीवर बसून राहिलो, पण दाबलं नाही. दाबलं असतं तर तू काम टाकून सगळं सावरलं असतंस आणि मग पुन्हा 'मीच बघेन' म्हणाली असतीस, या वेळी कायमचं. तेवढ्यात आई सूप घेऊन बाहेर आली. माझं तोंड बघून तिने विचारलं, मी सांगून टाकलं. मला वाटलं आता आभाळ फाटणार. पण ती सूप खाली ठेवून शांतपणे म्हणाली, "अवो, सगळं भात कुणी भरडायला देतं काय? बियाचं बाजूला काढून ठेवतातच ना. त्या पॅनेलवाल्यांनी नसेल ठेवलं?"

बॅकअप! ते चित्र मी रोज बघत होतो आणि रोज पुढे जात होतो, कारण नाव ऐकून ते काही माझ्या कामाचं वाटलं नव्हतं. उघडलं तर आत तारखांची रांग. होस्टिंगवाले दर आठवड्याला आपणहून एक प्रत बाजूला काढत होते. पण आता मी शहाणा झालो होतो. काही दाबायच्या आधी त्यांच्या मदतनिसाला विचारलं. तिथे लिहून बोलायचं असतं. माझं इंग्रजी म्हणजे तुला माहीतच आहे, पण त्या माणसाला कळलं. त्याने सांगितलं, तुम्ही फायली पुसल्यात, डेटाबेस जागेवर आहे, तेव्हा फक्त फायली परत आणा आणि डेटाबेसला अजिबात हात लावू नका. म्हणजे गाड्या गेल्या होत्या, पण वेळापत्रक आणि आरक्षणं दुसऱ्या खोलीत सुखरूप होती. ऑर्डरी, गिऱ्हाइकांचे पत्ते, सगळं होतं. मी शेवटची तारीख निवडली, फायलींवर खूण केली आणि 'परत आणा' दाबलं. मग ती पट्टी हळूहळू सरकायला लागली. मला ते बघवेना. अंगणात जाऊन बी उलटीपालटी करत राहिलो, नको तिथेही दाताळं फिरवलं. आत आलो तेव्हा आई स्वतःच्या फोनवर साईट उघडून बघत होती. तिने फोन माझ्यापुढे धरला. आपले काजू दिसत होते. इतका आनंद मला बढतीच्या वेळीही झाला नव्हता.

त्या आठवड्यात मी नवीन चढवलेले फोटो तेवढे गेले, कारण ते प्रत काढल्यानंतरचे होते. त्यात मैनाचा काजू सोलतानाचा एक होता. तिला कळलं तेव्हा ती माझ्यावर भडकली. तिच्या बहिणीने मुंबईत तो सगळ्या चाळीला दाखवला होता म्हणे. शेवटी दुसऱ्या दिवशी ती नवी साडी नेसून आली आणि मला तीनदा फोटो काढायला लावला. सुरय्याभाभींना पाकळी गेली, सोबत आईने आमसुलांची एक पुडी दिली. आणि मी साईटच्या आतल्या दाराने जाऊन अख्ख्या काजूपुढे 'नवी बी वाळतेय, मे अखेरीस मिळेल' असं लिहिलं. लोकांनी त्यावरही आगाऊ नावं नोंदवली.

तेव्हापासून एक नेम केला आहे. शनिवारी बॅकअपची प्रत उतरवून पेन ड्राइव्हमध्ये घेतो. तो पेन ड्राइव्ह आईने बियाण्याच्या मडक्यात ठेवला आहे, काकडी आणि पडवळाच्या बियांच्या पुड्यांबरोबर. तिथून तो हरवणार नाही याची मला खात्री आहे, कारण त्या मडक्याला हात लावायची माझीही हिंमत नाही. शिवाय मी एक रिकामं फोल्डर करून त्यात दोन-चार फायली टाकल्या, मुद्दाम पुसल्या आणि परत आणून बघितल्या. दोनदा केलं. काही बदलायच्या आधी प्रत, बदलल्यावर बाहेरून साईट उघडून बघणं, कळलं नाही तर न दाबता विचारणं. हे सगळं मी तुला इतकं रंगवून का सांगतोय असं तुला एव्हाना वाटायला लागलं असेल. तुलाच उलट शिकवत बसलोय म्हणून हसलीही असशील. पण ही फुशारकी नव्हे गं, हा माझा परीक्षेचा पेपर आहे. नीट तपास.

कारण पालखी गेली त्या दुपारी तू आणि आई मागच्या पडवीत बोलत होतात, आणि मी पुढे आरामखुर्चीत डोळे मिटून पडलो होतो. नियंत्रकाचे डोळे मिटले तरी कान उघडे असतात, हे तुम्ही दोघी विसरलात. तुझ्या कंपनीने तुला दोन वर्षांसाठी जर्मनीला जायला विचारलं आणि तू नाही म्हणालीस. आईने कारण विचारलं तर म्हणालीस, साईट कोण बघणार? बाबांच्या हातात दिली तर चार दिवसांत बसेल. बाय, तू अगदीच चुकली नव्हतीस. फक्त चार दिवस नाही, चांगले तीन आठवडे टिकली, आणि बसली तशी मीच उठवली. तुझ्या साहेबांनी पुन्हा विचारलंय आणि महिनाअखेरीपर्यंत उत्तर मागितलंय, हेही आईने मला सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस, मीच खोदून विचारलं. तर आता ऐक. काल मी कंट्रोल पॅनेलचा पासवर्ड बदलला. होस्टिंगच्या खात्यावर तुझा फोन नंबर होता, तिथे माझा घातला, आणि मला काही झालं तर म्हणून दुसरा आईचा. तुझं नाव तिथून काढून टाकलं. केबिनची किल्ली आता माझ्या खिशात आहे आणि मागितलीस तरी मिळणार नाही. सगळी नोकरी मी दुसऱ्यांच्या पोरांना गाडीत बसवून दिलं, घाई करू नका, जागा आहे, असं भोंग्यावर ओरडत. आपल्या पोरीची गाडी लागलेली असताना मी तिच्या पायात येणार नाही. तू लांब जाणार म्हणून मला वाईट वाटणार आहे, आईला तर वाटायला लागलंच आहे, काल तिने कारण नसताना पुरणपोळ्या केल्या. पण ते आमचं आम्ही बघून घेऊ. तू जा. तुझ्या नावाचा ई-मेलचा डबा मात्र मी काढलेला नाही. आईच्या डब्याला जागेची मर्यादा घातली आहे, माझ्याही घातली आहे. तुझ्या डब्याची मर्यादा काल काढून टाकली. तिकडून कितीही लांब लिहिलंस तरी मावेल.

तुझाच,
बाबा